दुधात सोडा : नासण्याच्या भीतीविषयी

दुधात सोडा किंवा एखादे फसफसणारे गोड पेय ओतायचे म्हटले, की मराठी घरातून पहिली हरकत निघते ती नासण्याची. दूध नासेल, पोटात फुटेल, अंगावर डाग उठतील, असे इशारे एकामागून एक येतात आणि विषय तिथेच संपतो. पंजाबात, दिल्लीत आणि पलीकडे लाहोरात हेच मिश्रण ‘दूध सोडा’ या नावाने राजरोस विकले जाते. उन्हाळ्यात आणि रमजानच्या इफ्तारीला लोक ते आवडीने पितात. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात मात्र दुधाला तोटा नाही, सोड्याच्या गाड्यांनाही नाही, आणि तरी ही दोन्ही एका पेल्यात सहसा येत नाहीत. पुढील पानांत येणाऱ्या पेयांकडे वळण्याआधी या अडथळ्याचा नीट विचार व्हायला हवा. माझे म्हणणे असे, की दूध आणि सोडा यांचे वैर नाही. दूध नासते की नाही हे आम्ल कोणते, ते किती आणि दूध थंड आहे की गरम यावर ठरते. या पेयात घाबरण्यासारखे जे खरोखर आहे ते दुधात नाही, सोड्याच्या बुडबुड्यांतही नाही. ते साखरेत आहे, आणि तिकडे आपले लक्ष फारसे जातच नाही.

आधी नासणे म्हणजे काय ते पाहू. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. ते सुटे फिरत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्यासह त्याचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात आणि हे पुंजके एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. दुधाचा पांढरा रंग बराचसा त्यांचाच. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.८ असतो. आम्ल मिसळले की सामू उतरतो, पुंजक्यांतले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते, त्यांची एकमेकांना ढकलण्याची शक्ती कमी होते, आणि सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन एकत्र येऊन खाली बसते. दही लागते ते असेच, पनीर होते तेही असेच. फरक इतकाच, की दह्यात आम्ल जिवाणू तयार करतात आणि पनीरसाठी ते आपण बाहेरून घालतो. उष्णतेने हे काम फार लवकर होते, म्हणून पनीर करणारा दूध उकळून घेतो. उलट दूध बर्फासारखे थंड असेल तर सामू पुष्कळ उतरूनही केसीन लगेच गोळा होत नाही. दूध कोमट होऊ लागले म्हणजे मग ते फुटते. म्हणजे थंड दूध आणि थंड सोडा यांची भेट आपण घडवतो तेव्हा परिस्थिती आधीपासूनच दुधाच्या बाजूची असते.

आता प्रमाणाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्या गैरसमजाचे मूळ याच मुद्द्यात आहे. कोलाचा सामू सुमारे २.५ असतो, म्हणजे दुधाला नासवायला लागणाऱ्या पातळीच्या कितीतरी खाली. हा आकडा ऐकला की कोणालाही वाटावे, कोला पडताच दुधाचे पाणी होणार. पण सामू आणि आम्लाचा एकूण साठा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते ते तीव्र, पण अगदी थोडे. दुधात मात्र प्रथिने, फॉस्फेट आणि सिट्रेट मिळून आम्ल शोषून घेण्याची मोठी ताकद असते. एक लिटर दूध ६.७ वरून ४.६ वर आणायला जितके आम्ल लागते, ते एक लिटर कोलातल्या आम्लाच्या कित्येक पट आहे. म्हणून कोलाने भरलेल्या बाटलीत दोनचार चमचे दूध टाकून ती काही तास ठेवली, तर दूध हरते: तळाशी तपकिरी गाळ बसतो आणि वर जवळजवळ निवळ पाणी राहते. मोबाइलवरून फिरणाऱ्या आणि ‘पोटात हेच होते’ असे सांगणाऱ्या चित्रफितींत दिसते ते हेच. तो गाळ विष नव्हे. कोलाचा रंग धरून बसलेले केसीन आहे, म्हणजे पनीराचाच एक ओबडधोबड भाऊ. पण पेल्यात दूध निम्मे किंवा निम्म्याहून अधिक असेल, दोन्ही थंड असतील आणि पेय लगेच प्यायचे असेल, तर आम्ल दुधात जिरून जाते आणि सामू नासण्याच्या पातळीपासून पुष्कळ वर राहतो. चित्रफीत खोटी नाही. तिच्यातले प्रमाण पेल्यातले नाही, एवढेच.

लिंबाच्या चवीच्या रंगहीन बाटलीबंद पेयांनाही हेच लागू आहे. उत्तरेत दूध सोड्यासाठी तीच वापरतात आणि त्यांतले सायट्रिक आम्ल अर्ध्या पेल्याच्या मानाने दुधाला पेलवते. खरे लिंबू पिळले तर मात्र चित्र पालटते. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, आणि एका मोठ्या लिंबाचा रस पेलाभर दूध नासवायला पुरून उरतो. आपल्या गाड्यांवरच्या ताज्या लिंबू सोड्यात दूध घालू नये, हा सल्ला अगदी रास्त आहे. गोंधळ होतो तो इथे: एका आंबट सोड्याचा अनुभव सगळ्या सोड्यांना चिकटला आणि दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यावे तसे आपण साध्या सोड्यालाही दूर ठेवले. आणखी एक गोष्ट या भागाला विशेष लागू आहे. इथल्या चहाच्या कपात आणि पेल्यात म्हशीच्या दुधाचा वाटा मोठा आहे. म्हशीच्या दुधात केसीन गाईच्या दुधापेक्षा अधिक, कॅल्शियम आणि फॉस्फेटही अधिक, त्यामुळे आम्ल पचवण्याची त्याची ताकदही अधिक. जे दूध सोड्यापुढे सर्वांत जास्त टिकावे, ते ज्यांच्या दारात रोज येते त्यांनीच सर्वाधिक धास्ती बाळगावी, हे मला उलटे वाटते.

साध्या सोड्यात तर फळांचे आम्लही नसते. असतो तो पाण्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यातून थोडेसे बनणारे कार्बोनिक आम्ल. ते इतके सौम्य आहे, की नेहमीच्या दाबाखाली ते दुधाला नासण्याच्या पातळीपर्यंत नेऊच शकत नाही. बुडबुडे निघून गेले की त्याचा परिणामही ओसरतो. हा वायू दुधाला परकाही नाही. आचळातून नुकत्याच निघालेल्या धारोष्ण दुधात तो थोडा विरघळलेला असतोच आणि दूध उघड्यावर राहिले की हळूहळू उडून जातो. दुग्धशास्त्रात कच्चे दूध आणि कॉटेज चीज अधिक काळ टिकावे म्हणून हाच वायू मुद्दाम मिसळण्याची पद्धत अभ्यासली आणि वापरली गेली आहे, कारण थंडीत वाढणाऱ्या काही जिवाणूंची वाढ त्याने मंदावते. मिश्रणाला जो दाट, टिकाऊ फेस येतो तोही दुधाचाच गुण: प्रथिने बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि वायूला चटकन सुटू देत नाहीत.

विज्ञान बाजूला ठेवून नुसते इथल्या स्वयंपाकाकडे आणि बाजाराकडे पाहिले तरी हेच दिसते, की दूध फुटण्याची या मुलखाला भीती नाही, त्यावर हुकमत आहे. बेळगावची ओळख बनलेला कुंदा घ्या. दूध आटवत आटवत, साखर घालून, तपकिरी आणि दाणेदार होईपर्यंत तो परततात. घरगुती रीतीत उकळत्या दुधात थोडे दही घालून ते हलकेच फोडतात, म्हणजे कुंद्याला हवा तसा कण येतो. किती दही घालायचे, कधी घालायचे, आच किती ठेवायची, हे जाणणाऱ्या हाताला दूध नासण्याचा अर्थ कुणी शिकवायला नको. श्रीखंडाचा चक्का, दही, ताक, मठ्ठा ही सगळी आम्लाने दुधावर केलेली कामेच आहेत, आणि ती आपण सणाच्या पानात वाढतो. कोल्हापुरापासून इकडे दूध कोल्ड्रिंकचीही जुनी आवड आहे: आटवलेले, गोड केलेले, गार दूध आणि त्यावर आइसक्रीम. उन्हाळ्यात थंड पेय म्हणून दूध पिणे इथे कोणाला नवे वाटत नाही. तालमीतल्या पहिलवानाची बदाम घातलेली थंडाई दुधातच होते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या बेळगाव भागातली पंढरपुरी म्हैस, तिची लांब, पाठीवरून मागे गेलेली शिंगे, आणि कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर पिळून दिले जाणारे फेसाळ दूध, हे सारे याच संस्कृतीचे भाग. त्या धारोष्ण दुधावरचा फेस ज्यांना इतका प्रिय आहे, त्यांना सोड्याने आलेल्या फेसाचे वावडे असण्याचे कारण चवीत तरी सापडत नाही.

सोडा इथे आला तो छावणीबरोबर. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये लीड्सच्या मद्यभट्टीवर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला, याकोब श्वेपने १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज पलटणी जिथे जिथे गेल्या तिथे सोडावॉटरची यंत्रे पोहोचली. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या फौजेने घेतला. पुढे शहराला लागून लष्करी छावणी वसली आणि ‘कॅम्प’ हा बेळगावच्या भूगोलाचा कायमचा भाग झाला. पुण्याच्या कॅम्पात १८८४ मध्ये अर्देशर आणि मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स ही पारशी सोडा घराणी उभी राहिली, तीही याच मागणीवर. हायरम कॉड याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली गोटीची बाटली मायदेशात कालबाह्य झाली, पण आपल्याकडे ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. कर्नाटकात गोळी सोडा आजही ओळखीचा आहे. या इतिहासात एक गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये दूध आणि सोडावॉटर हे आजाऱ्याचे पथ्य होते. तापातून उठणाऱ्या, पोट नाजूक झालेल्या माणसाला नुसते दूध जड जाते म्हणून ते सोड्याने पातळ करून द्यावे, असे शुश्रूषेची पुस्तके सांगत. त्यामागचा विचार असा, की पातळ आणि वायूमिश्रित दुधाच्या पोटात मोठ्या, घट्ट गुठळ्या होत नाहीत, बारीक आणि मऊ होतात. ज्या मिश्रणाला आज आपण पोटाचा शत्रू समजतो ते एके काळी आजारी पोटासाठीच सांगितले जात होते. हिंदुस्थानात हे पेय रुळले ते उत्तरेत. तिथे त्याचे पथ्यपण गेले आणि ते चैनीचे झाले. साध्या सोड्याच्या जागी गोड बाटली आली.

जगातही हे एकटदुकट उदाहरण नाही. न्यूयॉर्कमध्ये दूध, चॉकलेटचे सिरप आणि सोडा यांचे ‘एग क्रीम’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सोड्याच्या दुकानांत मिळते. जपानमध्ये १९१९ मध्ये आंबवलेल्या दुधाचे ‘कॅल्पिस’ निघाले आणि ते सोड्यात मिसळून पिण्याची रीत पडली. कोरियात लोट्टे कंपनीने १९८९ मध्ये ‘मिल्किस’ आणले. इंडोनेशियात गोड आटीव दूध, लाल सरबत आणि सोडा यांचे पेय चालते. इराणात दह्याचे ‘दूघ’ फसफसते करून बाटलीत भरतात, आणि मध्य आशियात घोडीच्या दुधाचे कुमिस आंबताना आपोआपच फसफसते. यश सगळ्यांनाच मिळाले असे नाही. कोकाकोलाने २००९ मध्ये अमेरिकेत ‘व्हिओ’ नावाचे फसफसते दूध बाजारात उतरवून पाहिले आणि ते टिकले नाही. पेप्सीने २०२२ च्या नाताळात दूध आणि कोला यांची जाहिरात केली ती चर्चेपुरतीच उरली. या यादीतून मला जे दिसते ते असे, की जिथे हे पेय लोकांच्या हातून, दुकानाच्या फळीवर, समोर मिसळले गेले तिथे ते मुरले. कारखान्यात गेले की त्यातले दूध कमी होत गेले. मिल्किससारख्या पेयात दुधाची थोडी भुकटी असते, बाकी पाणी आणि गोडवा. आपल्याकडच्या विचारात हा फरक विसरता कामा नये.

आता हरकतींकडे वळतो, आणि सर्वांत वजनदार हरकत आयुर्वेदाची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, विरुद्ध आहाराची चर्चा आहे. दूध आणि मासे यांचा संयोग तिथे वर्ज्य आहेच. दुधाबरोबर आंबट फळेही वर्ज्य आहेत, आणि विरुद्ध आहाराने होणाऱ्या विकारांत त्वचेचे विकारही सांगितले आहेत. आजीच्या तोंडी येणाऱ्या डागांच्या इशाऱ्याचे मूळ इथवर जाते, आणि त्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. शीतपेटी नसलेल्या, दूध काही तासांत खराब होणाऱ्या काळात आंबट आणि दूध वेगळे ठेवण्याचा नियम व्यवहाराला धरून होता. पण हरकत घेणाऱ्याने ती यादी पुरती वाचावी. तिच्यात आंबा आहे, आणि केळेही आहे. टीकाकार आंब्याचा अर्थ कच्चा, आंबट आंबा असा लावतात आणि तो योग्यही असेल. तरी महाराष्ट्रात घरोघर होणारे शिकरण आणि दुधाचे फ्रूट सॅलड हे त्या नियमाच्या कडेवरून जातात याबद्दल दुमत होऊ नये. समाजाने नियम जसाच्या तसा पाळला नाही; फळ गोड, पिकलेले असेल आणि मिश्रण ताजे असेल तर चालते, असा त्याने अनुभवातून निर्णय केला. साध्या सोड्यात तर फळच नाही आणि आंबट रसही नाही. ज्या तर्काने शिकरण चालते त्याच तर्काने दूध आणि साधा सोडा अधिक सहज चालायला हवा. ज्याची प्रकृती, व्रत किंवा वैद्याचा सल्ला वेगळे सांगत असेल त्याने ते पाळावे. पण तो नियम दुधात सोडा घातल्याने घातक रसायन तयार होते, या समजुतीचा आधार म्हणून वापरता येणार नाही. चरकाने तसे कुठे म्हटलेले नाही.

‘पोटात फुटते’ ही हरकत याच्याच शेजारची. तिला उत्तर एकच: पोटात दूध फुटतेच, फुटलेच पाहिजे. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल कोणत्याही कोलापेक्षा तीव्र असते, आणि दूध तिथे गेल्यावर आम्ल आणि पेप्सिन मिळून त्याच्या गुठळ्या करतात. प्रथिनांचे पचन तिथून सुरू होते. तान्ह्या बाळाच्या ओकारीत दिसणाऱ्या पांढऱ्या कण्या म्हणजे हेच निरोगी काम अर्ध्यात थांबलेले. सोड्याने एक त्रास मात्र खरोखर होऊ शकतो. प्रौढ वयात ज्यांना दुधातली लॅक्टोज साखर नीट पचत नाही, आणि भारतात असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना दुधाने आधीच वात धरतो; त्यात बुडबुड्यांचा वायू गेला की पोट फुगते, ढेकर येतात, अस्वस्थ वाटते. अशांनी हे पेय टाळावे किंवा दुधाऐवजी ताक घ्यावे. आम्लपित्त किंवा छातीत जळजळ असणाऱ्यांनाही वायूने त्रास होतो. या मर्यादा खऱ्या आहेत. पण त्यांचे कारण दूध नासणे हे नाही.

हाडांविषयीच्या शंकेचे उत्तर लवकर देता येते. कोलातले फॉस्फोरिक आम्ल कॅल्शियम शोषून नेते असे म्हणतात. पण दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ९० ते ९५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, कोलात तो त्याच्या एक पंचमांशाच्या आसपास. फॉस्फरसचीच भीती असेल तर दूधच आधी सोडावे लागेल. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात २००६ मध्ये रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी दिसली होती, कोलाखेरीज इतर फसफसत्या पेयांत तसे दिसले नाही. हा धागा गांभीर्याने घेण्याजोगा आहे आणि रोज कोला पिण्याविरुद्ध तो बोलतो. बुडबुड्यांविरुद्ध मात्र तो काही सांगत नाही.

खरा धोका साखरेचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत ती पंचवीस ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की बाहेरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. ही ५ टक्क्यांची मर्यादा म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅम. एक बाटली, आणि दिवसाचा वाटा संपला. उत्तरेतल्या दूध सोड्यात पुष्कळदा गोड बाटलीवर आणखी साखर किंवा गुलाबाचे सरबत घालतात, तेव्हा ते दूध राहत नाही, मिठाई होते. या भागात मधुमेहाचे प्रमाण वाढते आहे हे प्रत्येक कुटुंबाला आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यावरून दिसते, आणि तरी आपली काळजी ‘दूध नासेल का’ या प्रश्नाशी अडकून राहते. भीती चुकीच्या जागी बसली की ती निरुपयोगी होते एवढेच नव्हे, ती नुकसान करते. दुधाच्या भीतीने जो मुलगा दूध सोडा नाकारतो आणि त्याऐवजी पूर्ण बाटली कोला पितो, त्याने जास्त साखर आणि शून्य प्रथिन घेतलेले असते. अर्धा पेला दूध निदान कॅल्शियम, प्रथिने आणि जरा पोटभरणी तरी देते. याचा अर्थ दुधात कोला ओतून तो पौष्टिक होतो असा नाही. साध्या सोड्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. साध्या सोड्यात साखर मुळीच नसते. गोडवा किती घालायचा ते हातात राहते, आणि दुधाची स्वतःची, १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या आसपास असलेली लॅक्टोजची गोडी त्यात आधीच असते.

शेवटची हरकत संस्कृतीची. दूध हे देवाला, बाळाला आणि आजाऱ्याला. ते परदेशी बाटलीत बुडवणे शोभत नाही, असे काही जण मनापासून म्हणतात. या भावनेतला दुधाबद्दलचा आदर मलाही आहे. सीमाभागात दूध ही घरच्या संसाराची गोष्ट आहे. तंबाखू आणि ऊस यांचे पैसे हंगामात येतात. दुधाचे पैसे नियमित येतात आणि पुष्कळदा ते घरातल्या बाईच्या कष्टाचे असतात. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ १९६३ पासून, वारणेचा संघ तात्यासाहेब कोऱ्यांच्या सहकारातून, आणि कर्नाटकाच्या बाजूला ‘नंदिनी’चा बेळगाव संघ, या संस्थांनी राज्याच्या रेषेच्या दोन्ही अंगांना दूध गोळा करण्याची शिस्त लावली. पण या संस्थाच लस्सी, ताक, सुगंधी दूध, श्रीखंड विकतात आणि त्यामुळे दुधाचा मान कमी झालेला नाही, दुधाला गिऱ्हाईक वाढले आहे. १९७७ मध्ये कोकाकोला देशातून गेले आणि १९९३ मध्ये परत आले. मधल्या काळात थम्स अप, कॅम्पा, डबल सेव्हन आली. आता तर देशी आणि विदेशी हा भेद बाटलीवरून ओळखूच येत नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा फसफसत्या गोड पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर लागला. साध्या दुधावर कर नाही. शासनाने जिथे भार टाकला आणि जिथे सूट दिली त्यातही दिसते, की काळजी करण्यासारखी वस्तू कोणती आणि वाढवण्यासारखी कोणती. साधा सोडा तर गावातही भरला जातो. म्हशीचे दूध इथले, सोडा इथला, वेलदोडा-केशर किंवा आल्याचा अर्क आपल्या चवीचा. यात परकीय असे फारसे काही राहत नाही.

तेव्हा करण्याची रीत. उकळून गार केलेले किंवा पाश्चरीकरण केलेले दूध शीतपेटीत चांगले थंड करावे. पेल्यात आधी दूध घ्यावे, हवी तर थोडी साखर आणि वेलदोडा त्यातच विरघळवावा, आणि मग पेला तिरपा धरून थंड साधा सोडा हळूहळू सोडावा. दोन भाग दूध, एक भाग सोडा हे सुरुवातीला बरे पडते. फेस अधिक हवा असेल तर सोडा वाढवावा. क्रम महत्त्वाचा आहे: दुधात सोडा पडला तर आलेले आम्ल तत्क्षणी दुधात जिरते, उलट आम्लाच्या पेल्यात दुधाची धार पडली तर पहिल्या थेंबांना ते एकट्याने सोसावे लागते. भिजवलेला सब्जा चालतो, गुलाबही चालतो, लिंबू, कैरी आणि कोकम नको. कोमट दूध वापरू नये, पेय करून ठेवू नये, आणि कच्चे दूध तर मुळीच घेऊ नये, कारण क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग कच्च्या दुधातून येऊ शकतात.

बर्फाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. गाडीवरचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे पेल्यात दिसत नाही. वाहतुकीसाठी आणि मासे टिकवण्यासाठी केलेली लादी फोडून पेयात घालण्याचे प्रकार होतात, आणि विषमज्वर, कावीळ, जुलाब यांचा मार्ग पाण्यातून आणि बर्फातूनच जातो. सोड्याच्या वायूने काही जंतू मंदावतात, मरत नाहीत. म्हणून पुढील पानांत दिलेल्या कोणत्याही पेयात बर्फ घातलेला नाही. दूध आणि सोडा दोन्ही आधीच थंड करून घेण्यास सांगितले आहे, आणि बाहेर पिताना सोडा आपल्यासमोर उघडलेल्या बंद बाटलीतला असावा असे प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहिले आहे.